पप्पा घरी नाहीत



काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. ईस्टरनंतर घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही वाडीवाडीतून फिरत होतो. रविवारची दुपार होती. एका घराचे दार नऊ-दहा वर्षांच्या मुलाने उघडले. मुलगा ओळखीचा होता, वेदीसेवक होता. त्याने दार अर्धेच उघडले आणि आतले काही दिसणार नाही अशा बेताने तो दारात उभा राहिला.

"फादर, पप्पा घरी नाहीत. कामावर गेलेत."

दाराशी मोठ्या माणसाच्या चपला होत्या. आतून घोरण्याचा आवाज येत होता. मुलाने माझ्याकडे पाहिले. मला आवाज ऐकू येतो आहे हे त्याला कळले होते, आणि त्याला ते कळले आहे हे मलाही कळले होते.

"बरं बाळा, मी पुन्हा येईन," मी म्हणालो. उंबरठ्यावर पवित्र पाणी शिंपडले आणि पुढच्या घरी गेलो. खरे सांगायचे तर आत जावे लागले नाही म्हणून मला हायसे वाटले. पुढच्या घरी चहा झाला. त्या घरातल्या मंडळींनी शेजारच्या घराकडे नुसती मान हलवली आणि विषय बदलला. मी पुन्हा गेलो नाही.

प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेली गोष्ट धर्मगुरू कोणालाही सांगत नाही. ही गोष्ट तिथली नाही, उंबरठ्यावरची आहे. तो मुलगा आता मोठा झाला आहे. नाव-गाव सांगायचे नाही या अटीवर त्याने ती लिहिण्याची मला परवानगी दिली आहे.

त्या दुपारी कोण खोटे बोलले, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. देवाची आठवी आज्ञा खोटे बोलू नये असे सांगते. चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखायला सांगते. त्या मुलाने चौथी पाळण्यासाठी आठवी मोडली असे म्हणायचे का? की त्याने दोन्हींपैकी एकही मोडली नाही आणि मोडणारे आम्ही मोठे होतो?

न शिकवता शिकवलेला धडा

दारूच्या घरातले मूल खोटे बोलायला कसे शिकते? बहुतेक घरांत त्याला कोणी खोटे बोल म्हणून सांगत नाही. शाळेच्या बाईंना आई सांगते, "यांना ताप आहे." मूल ऐकते. मामाचा फोन आला की आजी म्हणते, "तो आत्ताच बाहेर गेला." मूल ऐकते. पप्पा रात्री ताट भिरकावतात आणि सकाळी त्याबद्दल कोणी एक शब्द काढत नाही. आई मुकाट्याने भिंतीवरचे डाग पुसते. मूल ते पाहते. या घरात जे घडते त्याला नाव द्यायचे नाही, हे त्याला समजते. घरची गोष्ट घरातच राहिली पाहिजे.

आपल्या देशात हे काही थोड्या घरांत घडत नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या साडेपाच कोटींहून अधिक लोकांचे पिणे आजाराच्या किंवा अपायाच्या पायरीवर पोहोचले आहे. पिणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष आहेत. म्हणजे कोणाचे तरी वडील, कोणाचे तरी काका, कोणाचे तरी मोठे भाऊ. गांजा, ब्राऊन शुगर आणि झोपेच्या गोळ्या यांची घरे वेगळीच.

अशा घरातल्या मुलाचे कान फार तिखट होतात. मोटारसायकल फाटकाशी कशी थांबली, चावी कुलपाला किती वेळा लागली, पाऊल कसे पडले, एवढ्यावरून आजची रात्र कशी जाणार हे ते ओळखते. ते मित्रांना घरी बोलावत नाही. सहलीचे पैसे मागत नाही. काही घरांत थोरली मुलगी दहाव्या वर्षीच आई होते. धाकट्यांना जेवू घालते, त्यांचा अभ्यास घेते, आणि आपण सारे तिला 'किती गुणी पोर' म्हणतो. दुसऱ्या घरातले मूल शाळेत मारामाऱ्या करते आणि सारे गाव त्यालाच वाईट ठरवते. तिसरे मूल इतके गप्प राहते की ते घरात आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही. चौथे सतत हसवते, कारण सगळे हसत असतात तोवर भांडण होत नाही. ही चारही मुले आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलेली असतात.

नोहाचा तंबू

दारूने झिंगलेला बाप पवित्र शास्त्रात पहिल्यांदा भेटतो तो उत्पत्तीच्या पुस्तकात, नवव्या अध्यायात. तो कोणी दुष्ट माणूस नाही. जलप्रलयातून वाचलेला नीतिमान नोहा आहे तो. त्याने द्राक्षमळा लावला, द्राक्षारस प्याला आणि तो आपल्या तंबूत उघडावाघडा पडला. मुलगा हाम याने ते पाहिले आणि बाहेर येऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ यांनी एक वस्त्र घेतले, ते दोघांच्या खांद्यांवर धरले आणि उलट्या पावलांनी चालत जाऊन, बापाकडे न पाहता, त्याला झाकले.

लहानपणापासून आपण या गोष्टीचे एकच तात्पर्य ऐकले आहे. बापाचे झाकणारा मुलगा चांगला, सांगणारा मुलगा वाईट. 'घरची गोष्ट घरात' या आपल्या रीतीला त्यातून जणू शास्त्राचाच आधार मिळतो. परंतु गोष्ट पुन्हा नीट वाचून पाहा. शेम आणि याफेथ मोठे झालेले पुरुष होते, लग्न झालेले होते. ते दोघे होते आणि ओझे दोघांच्या खांद्यांवर वाटलेले होते. ज्याला झाकायला हवे होते त्याच्याजवळ ते गेले. तंबूच्या दारात उभे राहून 'बाबा घरी नाहीत' असे त्यांनी कोणाला सांगितले नाही. बापाची लाज झाकणे वेगळे आणि बापाचे दुखणे लपवणे वेगळे. पहिल्याने बापाचा मान राहतो. दुसऱ्याने फक्त दारू टिकते.

या गोष्टीचा शेवट तर आपण बहुधा वाचतच नाही. नोहा शुद्धीवर येतो आणि शाप देतो. तो शाप हामला नसतो, हामचा मुलगा कनान याला असतो. या गोष्टीत कनानने काही केल्याचे एका शब्दानेही सांगितलेले नाही. त्याने काही पाहिल्याचा किंवा बोलल्याचा उल्लेख नाही. प्याला आजोबा, चुकला बाप आणि शाप मिळाला नातवाला. शास्त्राचे अभ्यासक याचा अर्थ अनेक प्रकारे लावतात. मला मात्र हा भाग वाचताना आपल्या वाड्यांतली घरे आठवतात. ज्याचा काहीच दोष नाही, नेमका त्याच्याच डोक्यावर ओझे येऊन पडते.

फळ आणि दोष

यहेज्केल संदेष्ट्याच्या काळात इस्राएलात एक म्हण होती. बापांनी आंबट द्राक्षे खायची आणि दात आंबायचे मुलांचे, अशा अर्थाची. अठराव्या अध्यायात परमेश्वर संदेष्ट्याच्या तोंडून सांगतो की ही म्हण यापुढे तुमच्या तोंडी राहणार नाही. बापाच्या पापाचा दोष मुलाच्या माथी येणार नाही.

इथे कोणी म्हणेल, "फादर, दात तर आंबतातच की! फी भरली जात नाही, झोप मिळत नाही, घाबरून मूल अंथरूण ओले करते." अगदी खरे आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला 'परिणाम' आणि 'दोष' या दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकवले होते. ते तेव्हा परीक्षेपुरते वाटले होते, आज त्याचे मोल कळते. बापाच्या पिण्याचे परिणाम मुलाला भोगावे लागतात. दोष मात्र त्याचा नसतो. मुलाला स्वतःहून हा फरक करता येत नाही. जे आपल्या वाट्याला आले ते आपल्यामुळेच आले, असे लहान मनाला वाटते. 'मी गणितात नापास झालो म्हणून पप्पा प्याले.' 'मी रडले नसते तर त्यांनी मम्मीला मारले नसते.' मग मूल स्वतःला सुधारायला लागते. जास्त अभ्यास करते, आवाज न करता चालते, बाटलीत पाणी मिसळते, देवाला नवस बोलते. एवढे करूनही पप्पा पितातच. मग आपण चांगले व्हायला कमी पडलो असे ते मनाशी पक्के करते.

अमेरिकेत १९३५ साली 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ सुरू झाली. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी १९५१ साली 'अल-अ‍ॅनॉन' आणि मुलांसाठी १९५७ साली 'अलाटीन' निघाले. अलाटीनची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या एका किशोरवयीन मुलाने केली. कुटुंबीयांच्या या गटांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात. हे दुखणे तुझ्यामुळे झालेले नाही, ते तुझ्या ताब्यात नाही, आणि ते बरे करणेही तुझ्या हातात नाही. यहेज्केलने सांगितलेलेच सत्य हे, मुलाला कळेल अशा भाषेत.

मग मुलाने काय करावे?

परक्याला घरचे सांगणे म्हणजे आईवडिलांची अब्रू घालवणे नाही का? या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझममध्ये आहे. योग्य कारण नसताना एखाद्याचे दोष, ज्यांना ते ठाऊक नाहीत अशांना सांगणे, याला तिथे पाप म्हटले आहे. 'योग्य कारण नसताना' हे शब्द महत्त्वाचे आहेत. नळावर, लग्नात, चर्चच्या अंगणात आपण जे कुजबुजतो त्याला योग्य कारण नसते. त्याबद्दल आपणच पश्चात्ताप करायला हवा. मुलाने आपल्या बाईंना, काकांना, सिस्टरांना किंवा धर्मगुरूंना "मला घरी भीती वाटते" असे सांगितले, तर त्याच्याजवळ जगातले सर्वांत योग्य कारण असते.

संत थॉमस अक्वायनस खोट्याचे तीन प्रकार करतो: गमतीचे, कोणाच्या तरी उपयोगाचे आणि अपायाचे. उपयोगाचे खोटेही तो योग्य मानत नाही, पण त्याचा दोष हलका धरतो. एखादे सत्य शहाणपणाने झाकून ठेवता येते, असेही तो म्हणतो. त्या मुलाचे खोटे याच हलक्या प्रकारातले होते, आणि त्यातही त्याला पर्याय कोणी दिला होता? दारात आलेल्या कोणा उपऱ्याला सगळे सांगायला तो बांधलेला नव्हता. पण ज्याला सांगितले तर मदत मिळेल, असा कोणी समोर आलाय हे त्याला ओळखता यायला हवे होते. माझ्याकडे पाहून त्याला तसे वाटले नाही. हा दोष त्याचा नव्हे. म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: शब्द त्या मुलाचे होते, खोटे आम्हा मोठ्यांचे होते. "मी पुन्हा येईन" हे तर सरळसरळ माझेच खोटे होते.

चौथ्या आज्ञेबद्दलही हेच. आईवडिलांचा मान राखणे म्हणजे त्यांचे खरे भले इच्छिणे. आजारी बापाला वैद्यापासून लपवणारा मुलगा त्याचा मान राखतो असे आपण कधी म्हणू का? शिवाय आज्ञा एकतर्फी नाही. संत पौल इफिसकरांस लिहिताना मुलांना आईवडिलांच्या आज्ञेत राहायला सांगतो आणि लगेच पुढे, मुलांना चिडीला आणू नका, असे वडिलांना बजावतो. आपण पहिले वाक्य पाठ केले आणि दुसरे विसरलो.

पिणाऱ्या बांधवाला

हा अंक तुझ्याही हातात पडेल, म्हणून दोन शब्द तुझ्यासाठी. ख्रिस्तसभा द्राक्षारसाला वाईट म्हणत नाही. आपल्या प्रभूने काना गावच्या लग्नात तो पुरवला आणि आपण तो दररोज वेदीवर अर्पण करतो. ती अतिरेकाला विरोध करते. सवयीने आणि आसक्तीने माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, हेही ती मान्य करते. व्यसन हा आजार आहे, डॉक्टर सांगतात ते खरे आहे. आजारी पडल्याबद्दल मी तुला दोष देणार नाही. पण आजारी माणसाची एक जबाबदारी उरतेच, औषधाला हात पुढे करण्याची. ती तुझ्याऐवजी तुझे मूल पार पाडू शकत नाही.

आयर्लंडमधल्या डब्लिनचा मॅट टालबट हमाली करणारा मजूर होता. त्याचे वडील पीत, भाऊ पीत. तो स्वतः बाराव्या वर्षी दारूच्या दुकानात कामाला लागला आणि तेव्हापासूनच प्यायला लागला. १८८४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने दारू सोडली. त्यानंतर १९२५ साली मिस्सेला जाताना वाटेत मरण येईपर्यंत, एक्केचाळीस वर्षे, त्याने तिला स्पर्श केला नाही. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्याला 'आदरणीय' घोषित केले. पिणाऱ्या बापाचा मुलगा आणि स्वतः पिणारा, दोन्ही एकाच माणसात, आणि तरीही देवाचा माणूस. व्यसनाकडे असलेला कल थोडाफार रक्तातून येतो. पण तो कल आहे, नशीब नव्हे.

आपल्याकडेही दारे उघडी आहेत. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याला 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले. तिथून बरे होऊन परतलेले बाप मी पाहिले आहेत. जायचे ठरवलेस तर मी तुझ्याबरोबर येईन. या वेळी नक्की येईन.

तो मुलगा

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात तो मला भेटला. त्याने स्वतःहून ओळख दिली. वडील वारले होते. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "फादर, तुम्ही आशीर्वादाला आला होता, आठवतं? त्या दिवशी तुम्ही आत यावं असं मला वाटत होतं. आणि येऊ नये असंही वाटत होतं."

मी त्याची क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, "तुम्ही पुन्हा येतो म्हणालात ना, म्हणून मी पुढचे दोन रविवार घर झाडून ठेवलं होतं."

बंधुभगिनींनो, त्या दोन रविवारांचा हिशेब मला देवापुढे द्यायचा आहे. म्हणून आपल्या धर्मग्रामात तीन गोष्टी करूया, अशी माझी विनंती आहे.

पहिली. दीक्षास्नानाच्या आणि प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या पार्टीत तरी दारू ठेवू नका. तो दिवस मुलाचा असतो. पांढऱ्या कपड्यातल्या त्या मुलाला संध्याकाळी बापाला सावरत रिक्षात बसवावे लागू नये.

दुसरी. शेजारच्या घराकडे पाहून मान हलवणे थांबवूया. त्या घरातल्या मुलाला आपल्या मुलांबरोबर अभ्यासाला बोलवा, जेवायला बसवा. बापाबद्दल त्याला काही विचारू नका. "पप्पा कुठे आहेत?" या प्रश्नानेच आपण त्याला खोटे बोलायला लावतो. "तू जेवलास का? तुला झोप लागते का?" असे विचारा. या प्रश्नांची उत्तरे त्याला खरी देता येतात. आणि मूल मार खाते आहे, उपाशी आहे असे दिसले, तर 'दुसऱ्याच्या घरात कशाला पडा' म्हणू नका. मला सांगा किंवा १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर फोन करा.

तिसरी विनंती धर्मशिक्षण घेणाऱ्या मुलांना आहे. बाळांनो, तुमच्या घरात कोणी खूप पीत असेल तर ते तुमच्यामुळे नाही. हे कोणाला तरी सांगणे पाप नाही आणि त्याने पप्पांचा अपमानही होत नाही. रविवारच्या मिस्सेनंतर मी मागच्या बाकावर बसलेला असेन. काही बोलला नाहीत आणि नुसते येऊन शेजारी बसलात तरी चालेल.

येत्या महिन्यात घरांचे आशीर्वाद पुन्हा सुरू होतील. ज्या घराचे दार अर्धे उघडेल, तिथे मी थांबेन. आत बोलावले नाही तर ओटीवर बसेन. घर झाडलेले नसले तरी चालेल.

प्रभू येशू आपल्या सर्व लेकरांना सांभाळो.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू